‘हौस’च्या कार्डावरचं तिसरं वाक्य

काका,

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. आता सांगून उपयोग नाही, हे मला कळतं. पण तुमच्यासमोर बसून मला कधी नीट बोलता आलंच नाही. काही महत्त्वाचं असलं की मी ते कागदावर लिहून तुमच्या पुढ्यात सरकवायचे आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून वाचायचात. तेव्हा हेही लिहूनच देते.

तुम्ही गोळा केलेल्या शब्दांचं पुस्तक दिल्लीतलं आपलं मराठी मंडळ छापतंय. तुमच्या स्मरणार्थ सभा ठेवली आहे, त्या दिवशी ते सगळ्यांना वाटायचं असं ठरलंय. प्रूफं माझ्याकडे आहेत, कारण टाइप मीच केलं होतं. पहिल्या पानावर ‘हौस’ आहे, तुम्हाला हवं होतं तसंच. त्याखाली अर्थ, मूळ आणि तीन माणसांची तीन वाक्यं. तिसरं वाक्य तुमचं सगळ्यात लाडकं होतं. त्या कार्डावर खाली तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘एक बाई, करोल बाग’.

त्या बाईला मी कधी भेटले नव्हते. ते वाक्य मी मेट्रोत बसून रचलं.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही लिहिलं होतं की हाताने लिहिलेलं मराठी टाइप करून देणारं कोणी हवं आहे. मी द्वारकेहून नोएडाच्या ऑफिसला रोज जाते आणि मयूर विहार वाटेत लागतं. एवढ्या आधारावर आईनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मी माणसांत मिसळत नाही, हे तिचं जुनं दुःख. पहिल्या दिवशी मी तुमच्या दाराशी उभी राहून दोनदा मागे फिरले होते. तिसऱ्यांदा सुमनकाकूंनीच दार उघडलं. त्या कचरा टाकायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, “साळव्यांकडे ना? ये. हे कधीचे वाट बघतायत, चहाही घेतला नाही अजून.”

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो शाळेचा. मी इंग्लिश मीडियम म्हटलं.

“म्हणजे कॉन्व्हेंट.”

“नाही, साधी पब्लिक स्कूल होती.”

“अगं, आम्ही ख्रिस्ती असून आमच्या मुलाला कॉन्व्हेंटात जागा मिळाली नाही, आणि तू आयती मिळतेय तर नको म्हणतेस?”

त्या दिवसापासून तुमच्यासाठी मी कॉन्व्हेंट झाले. माझं खरं नाव तुम्ही बहुतेक फोनमध्येसुद्धा घातलं नव्हतं.

तुमची कार्डं काजूकतलीच्या रिकाम्या डब्यांत असायची. लग्नपत्रिका कापून केलेली. एका बाजूला कुणाच्या तरी संगीतची आणि रिसेप्शनची वेळ, दुसऱ्या बाजूला तुमचा शब्द. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांच्या तोंडून शब्द गळत चाललेत, म्हणून जे अजून उरलेत ते ऐकून लिहून ठेवायचे, एवढंच तुमचं म्हणणं होतं. कोशातून उतरवलेलं तुम्हाला चालायचं नाही. तुमचा नियम मला आधी विचित्र वाटला होता. शब्द तीन माणसांच्या तोंडून ऐकलेला हवा, तिघांनी तो आपणहून बोललेला हवा, आणि ज्या दिवशी ऐकला त्याच दिवशी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं हवं. “या शब्दाचं वाक्य सांगा” म्हटलं की माणूस शाळेत जातो, असं तुम्ही म्हणायचात. “विचारलं की ते तोंड बाद.” घरची माणसंही बाद. ती तुमच्या समाधानासाठी बोलतील म्हणून. आणि बोलणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. फक्त ‘एक गृहस्थ, द्वारका’, ‘एक मुलगी, नोएडा’.

गुडघ्यांमुळे तुम्हाला पार्काच्या पलीकडे जाववत नव्हतं, म्हणून ऐकायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मंडळाच्या कार्यक्रमांत मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे आणि बायका माझ्यासमोर बिनधास्त बोलायच्या. आयुष्यभर मला सगळे सांगत आलेत, बोल गं जरा, अशी काय बसतेस. तुम्ही एकटेच म्हणालात, “तू बसलीस की लोक विसरतात तू आहेस. हा दोष नाही, कॉन्व्हेंट. ही या नोकरीची पात्रता आहे.” याबद्दल मी तुम्हाला कधी थँक यूसुद्धा म्हटलं नाही. त्या रात्री घरी जाताना राजीव चौकच्या गर्दीत मी उभ्या उभ्या हसत होते, हे मात्र आठवतं.

‘हौस’वर आपण आलो ते माझ्या अप्रेझलमुळे. मॅनेजरनं लिहिलं होतं की कामात चूक नाही, पण एन्थुझिअ‍ॅझम दिसत नाही. मी तुमच्याकडे आले तेव्हा चेहरा पडलेला असणार, कारण काकूंनी न विचारता थालीपीठ लावलं. तुम्हाला मी फोनवरचं ते वाक्य दाखवलं. तुम्ही भाषेचा विषय काढणार हे मला माहीत होतं, आणि तेच मला हवं होतं.

“हा ग्रीकांचा शब्द,” तुम्ही म्हणालात. “आत देव असणं, असा अर्थ. त्या मॅनेजरला म्हणावं, देव आत आहे, बाहेरून कसा दिसेल?”

मग तुम्ही ‘उत्साह’ घेतलात. त्यात ‘सह’ धातू आहे, सहन करण्यातला, पेलण्यातला, हे सांगितलंत. मी म्हटलं, म्हणूनच तो मला परवडत नाही, सव्वा तासाचा प्रवास जाताना आणि सव्वा तासाचा येताना पेलते तेवढं पुरे. तुम्ही हसलात आणि म्हणालात, “मग आपल्याला हौस बघायला पाहिजे.”

हौसेचं मूळ तुम्ही मला गोष्टीसारखं सांगितलं होतं. अरबीतली ‘हवस’, म्हणजे वेडी इच्छा. ती फारसीत आली. फारसीतून उत्तरेत उतरली ती इथेच राहिली आणि बदनाम झाली. दख्खनच्या दरबारांतून जी आपल्याकडे आली ती मात्र दरबारात थांबली नाही, घरात शिरली, स्वयंपाकघरात गेली, तान्ह्या बाळाच्या कुंचीच्या झालरीला लागली. दुसऱ्या दिवशी पार्कात तुमच्या शेजारच्या खुरानासाहेबांनी तुम्हाला सहज विचारलं, “साल्वे साब, आजकल किस शब्द पे काम चल रहा है?” आणि तुम्ही मोठ्यानं म्हणालात, “हवस पे.” त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, “इस उमर में?” काकू पुढे चालू लागल्या. घरी आल्यावर त्यांनी तुम्हाला सांगितलं की उद्यापासून तुमचं तुम्ही फिरायला जा.

पण तुमचा खरा मुद्दा वेगळा होता. हवस ज्याची त्याची असते, तुम्ही म्हणायचात, हौस मात्र दुसऱ्याची करता येते. सुनेची हौस केली, नातवाची हौस केली. “हे हिंदीत करून दाखव बरं.” मला दाखवता आलं नाही. आणि त्याच्याही पुढे जाऊन तुम्ही म्हणालात की दुसऱ्याची हौस करताना माणूस दमत नाही, हाच या शब्दाचा गाभा आहे, आणि याला धरून एक वाक्य मिळालं की कार्ड पुरं होईल.

इथे आपलं बिनसलं.

डिसेंबर होता. काकूंचा नाताळचा फराळ चालला होता. अनारसे झाले होते, करंज्या चालू होत्या. मंडळातली घरं, सोसायटीतली घरं, चर्चमधली माणसं, तुमच्या जुन्या ऑफिसातले तिघे, सगळ्यांचे डबे तुमच्या यादीत होते. यादी तुम्ही केली होती. मी करंज्यांच्या कडा कातत होते आणि त्या तळत होत्या. बाहेर इतकी थंडी असूनही त्यांच्या मानेवर घाम होता. मध्येच त्या झारा ठेवून ओट्याला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. मी काही म्हणायच्या आत पुन्हा झारा घेतला.

तुम्ही दारात येऊन म्हणालात, “बघितलंस, कॉन्व्हेंट? याला म्हणतात हौस.”

मी सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले. “काका, हौस तुमची आहे आणि कंबर काकूंची.”

तुम्हाला राग आला नाही, आनंदच झाला, वाद मिळाल्याचा. “म्हणजे तिला हौस नाही म्हणतेस?”

“मला माहीत नाही. तुम्ही विचारा त्यांना.”

“विचारलं की ते तोंड बाद,” असं म्हणून तुम्ही हसत हसत बाहेर गेलात. काकूंनी पुढची करंजी तेलात सोडली. मला वाटलं होतं की त्या काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, “आच जरा बारीक कर गं.”

आपला तो वाद तिथेच राहिला. मला वाटत होतं की हौस करणाऱ्या बायका दमतात, रोज दमतात, आणि दमल्या म्हणायची सोय नसते म्हणून त्याला हौस म्हणतात. हे मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नाही. अर्धं सांगितलं आणि बाकीचं मेट्रोत स्वतःशी.

जानेवारीत तुम्ही मला करोल बागेत पाठवलंत. तिथे गलाईचं काम करणारी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणारी, सांगलीकडची कुटुंबं आहेत. खाली दुकान, वर घर. “त्या बायका स्वयंपाकघरात जे बोलतात ते अजून दिल्लीचं झालेलं नाही,” असं तुमचं म्हणणं. थेट विचारायचं नाही म्हणून निमित्त काढलं होतं संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. मंडळाची पत्रिका द्यायची, वर जायचं, चहा घ्यायचा, बसायचं. बाकी आपोआप होईल.

शनिवार होता. आदल्या दिवशी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची रिलीज निघाली होती आणि मी आठवडाभर नीट झोपले नव्हते. गल्लीत स्कूटर आणि हातगाड्या, दुकानांच्या पाट्या एकावर एक. दुकान सापडलं. आत एक गृहस्थ ओंजळीएवढ्या मुशीसमोर बसले होते. मी पत्रिका पुढे केली. ती मराठीत बघून त्यांचा चेहरा खुलला.

“मंडळाकडनं आला व्हय? वर जावा की. घरात हाय मंडळी. च्या घिऊन जावा.”

आणि मी काय म्हणाले माहीत आहे, काका? मी म्हणाले, “जी नहीं, फिर कभी.” मराठी माणसाशी, त्यानं मराठीत बोलल्यावर, हिंदीत. तोंडातून तेच आलं. ते जरा गोंधळले, मग तेही हिंदीत म्हणाले, “अच्छा जी, ठीक है.” तो जिना मला अजून आठवतो, अरुंद, वर कुठेतरी कुकरची शिट्टी झालेली. मला तो चढवला नाही. वर अनोळखी बाई असेल, ती आग्रह करेल, मला काय बोलावं सुचणार नाही, आणि मी इतकी दमले होते की मला फक्त बसायला जागा हवी होती. ती मेट्रोत मिळाली.

तुम्ही वाट बघत असाल हे माहीत होतं. फोन काढला आणि लिहिलं, “हात दमत्यात वो, हौस दमत न्हाई.” त्या गृहस्थांच्या बोलण्याचा वास त्याला लावला. दोन स्टेशनं जाईपर्यंत ते झालंसुद्धा. तुम्हाला आवडेल असंच होतं ते. माझं मत त्याच्या बरोबर उलट होतं.

तुम्ही ते तीनदा वाचलंत. एकदा मनात, एकदा मोठ्यानं, एकदा उभं राहून. मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालात, “असं वाक्य टेबलाशी बसून सुचत नाही, कॉन्व्हेंट. याला चुलीसमोरचं माणूसच लागतं.” मी पाणी प्यायला आत गेले. त्याच वेळी सांगायला हवं होतं. मग पुढच्या शनिवारी, मग त्याच्या पुढच्या. दर वेळी तुम्ही ते वाक्य नव्या माणसाला सांगत असायचात. फेब्रुवारीत तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तेव्हा मी दोनदा आले. दुसऱ्यांदा आपण दोघंच होतो. तुमच्या हाताला सलाइन होतं. मी म्हणाले, “काका, ते करोल बागेचं वाक्य.” तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “पहिल्या पानावर.” मी हो म्हटलं.

दफनाच्या दिवशी सकाळी ऊन होतं आणि फादर दिल्लीचे, त्यांनी सगळं हिंदीत केलं. चांगलंच केलं. शेवटच्या प्रार्थनेला सगळे हिंदीत म्हणत होते आणि त्या आवाजाखालून एक आवाज मराठीत चालला होता, अर्धा शब्द मागे. सुमनकाकूंचा. तुम्हाला मराठीत हवं होतं हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असणार? मला प्रार्थना येत नव्हती. मी त्यांच्या शेजारी नुसती उभी राहिले.

प्रूफं रविवारी द्यायची होती. शनिवारी मी मयूर विहारला उतरले. मला वाटलं होतं, काकूंना सांगावं, त्या ठरवतील. वाक्य काढायचं तर तुमच्या आवडत्या पानावर भोक पडतं. ठेवायचं तर तुमच्या सगळ्या खऱ्या वाक्यांच्या तोंडाशी माझं खोटं वाक्य बसतं, आणि तेही तुमच्या नावावर.

काकू पलंगावर ट्रंक उघडून बसल्या होत्या. थंडी संपली की स्वेटर आणि रजया डांबरगोळ्या घालून ठेवायच्या, ते चाललं होतं. तुमचे स्वेटर वेगळ्या ढिगात होते.

“बस आधी. उन्हातनं आलीस. तोंड केवढंसं झालंय.”

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. उभ्यानंच सांगितलं सगळं, जिना, हिंदी, मेट्रो, हॉस्पिटल. त्यांच्या हातात तुमचा तो बाह्या उसवलेला मरून स्वेटर होता. त्या घडी घालायच्या थांबल्या.

“म्हणजे ती बाई नाहीच?”

“नाही.”

“हात दमत्यात हौस दमत न्हाई म्हणणारी?”

“ते मी लिहिलं, काकू.”

मला वाटलं, आता रडतील.

“अगं, त्या बाईनं महिनाभर माझा जीव खाल्ला!”

मला कळेना.

“येता-जाता मला तिचं उदाहरण. मी म्हटलं, आज पोळ्या नाही करत, खिचडी लावते, की लगेच, ‘सुमन, करोल बागेतली ती बाई बघ.’ कंबर शेकत बसले होते, तर पिशवी हातात देताना म्हणतात, ‘हात दमत्यात वो.’ मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्यात तिला. म्हटलं, कुठली भवानी आहे ही, एकदा समोर येऊ दे. रविवारी चर्चमध्ये प्रभूची क्षमासुद्धा मागितली, की बाबा, त्या बाईचं वाईट चिंतलं.” आणि त्या हसायला लागल्या. खूप हसल्या. मला वाटत आलं होतं की माझं खोटं एका कार्डात बंद आहे. ते या घरात महिनाभर हिंडत होतं, नेमकं त्यांच्याच मागे लागून. डिसेंबरात ज्यांच्या बाजूनं मी बोलले होते त्यांच्याच.

“काकू, सॉरी.”

“हं,” त्या म्हणाल्या. हसणं थांबलं होतं. स्वेटरची घडी मांडीवर ठेवली. “एकदा मला सहन झालं नाही. मी म्हटलं त्यांना, ‘त्या बाईकडे परत जाल तेव्हा एवढं विचारा, तुझी हौस केली का गं कुणी कधी?’”

“काका काय म्हणाले?”

“काय म्हणणार! विचारलं की तोंड बाद.” त्यांनी ट्रंकेत एक डांबरगोळी टाकली. “बेचाळीस वर्षं. माणूस वाईट नव्हता गं. शब्द विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. मग हळूहळू काहीच विचारायचं राहिलं.”

काका, मला त्या वेळी तुमचा राग आला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आणि राग आल्यावर तुमची इतकी आठवण आली की मला बसावं लागलं.

पर्समधून कार्ड काढलं. तुमच्या अक्षरातलं ‘एक बाई, करोल बाग’ आणि त्याच्या वरचं माझं वाक्य मी खोडलं. खाली लिहायला लागले.

“काय लिहितेस?”

“तुम्ही आत्ता म्हणालात ते. तुझी हौस केली का गं कुणी कधी.”

“अगं नको. घरचं चालत नाही त्यांना.”

“आता कोण अडवतंय?” माझ्या तोंडून गेलं. खाली भाजीवाला ओरडत गेला. मग काकूंनी हात पुढे करून कार्ड घेतलं, लांब धरून वाचलं, परत दिलं.

“नाव नको घालूस. ‘एक बाई, मयूर विहार’ लिही. नियमानं काय ते.”

मी तसंच लिहिलं. उठायला हवं होतं. चहा झाला होता, प्रूफं द्यायची होती. पण ते वाक्य कार्डावर असं उघडं पडलं होतं, प्रश्नच होता तो, आणि त्याला उत्तर द्यायला करोल बागेत कुणी नव्हतं. मला माणसांना काही विचारता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. दुकानात भावसुद्धा विचारता येत नाही. मी कार्डाकडे बघत विचारलं,

“काकू, तुमची कसली हौस राहिली?”

“माझी?” त्यांनी असं म्हटलं की जणू खोलीत आणखी कुणी होतं. मग ट्रंकेतल्या घड्या नीट करत बसल्या. मला वाटलं, चुकलं. विषय बदलायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

“मला ना, एक नाताळ दुसऱ्याच्या घरी जायचं होतं. पाहुणी म्हणून. डबा न घेता. रिकाम्या हातानं जायचं आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचं. आत भांडी वाजतायत, तळणाचा वास येतोय, आणि कुणी म्हणतंय, तुम्ही बसा हो, तुम्ही उठू नका.” त्या थांबल्या. “वेडेपणा आहे.”

“नाही,” मी म्हटलं.

दारापर्यंत त्या आल्या. चप्पल घालताना मी विचारलं, काकांना कळलं असेल का, ते वाक्य खोटं होतं ते. काकू म्हणाल्या, “कळलं असतं तर मला सांगितलं असतं. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही.” मग म्हणाल्या, “हॉस्पिटलातसुद्धा नर्सला ते वाक्य शिकवत होते. ती केरळची. तिला ‘दमत्यात’ येईना. दोघं हसत होते.” मला वाटतं, मला बरं वाटावं म्हणून त्यांनी ते सांगितलं. बरं वाटलं, आणि खूप वाईटही वाटलं.

प्रूफं दिली आहेत. पहिल्या पानावर आता तुमची दोन वाक्यं आहेत आणि तिसरं काकूंचं. तुम्ही असतात तर हे पान अडवलं असतंत. घरचं तोंड, त्याच दिवशी न लिहिलेलं, वर नुसता प्रश्न. दोन शनिवार आपण भांडलो असतो आणि तुम्ही जिंकला असतात, कारण मी अर्धं बोलून थांबते.

काकूंनी नंतर जे सांगितलं ते मात्र कार्डावर नाही. ते विचारून मिळालेलं आहे, पुस्तकात बसणार नाही. तेवढा तुमचा नियम मी पाळला.

घरी येऊन आईला सांगितलं की यंदाच्या नाताळला सुमनकाकू आपल्याकडे जेवायला आहेत. आई म्हणाली, “अगं, आपण कुठे नाताळ करतो?” मी म्हटलं, या वर्षी करायचा. “आणि करणार कोण?” मी म्हटलं, मी. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आहे का ते बघतेय. मला करंजी तळता येत नाही. तुमच्याकडे मी फक्त कडा कातायचे. अजून आठ महिने आहेत, शिकायला पुरतील. काकूंना विचारून शिकणार नाही. त्यांना त्या दिवशी उठू द्यायचं नाही.